जानकूभाऊंचा डावा पाय आणि माझे डास

वारूळवाडी,
गणपती विसर्जनानंतरचा गुरुवार

तीर्थरूप चिमाआत्यास,

तुझ्या भाचीचा, अश्विनीचा, वाकून नमस्कार. वाकून म्हणजे अगदी कमरेतून, कारण सध्या मला सरळ होताच येत नाही (उसण भरली आहे, कशाने भरली ते ओघात येईल). तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने आता सुई ओवता येते का? शेरडं, म्हैस, लिंबाखालची तुझी खाट, सगळं ठीक ना? इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे सगळे जिवंत आहेत. 'ठीक' म्हणायचं की नाही ते पत्र वाचून तूच ठरव.

मी फोनच करणार होते. पण तू फोन कानाला लावत नाहीस, तळहातावर भाकरीसारखा धरतेस, आणि स्पीकर चालू असतो. मागच्या वेळी मी सासूबाईंबद्दल दोन शब्द बोलले, ते तुमच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्या निरगुडसर गावाने ऐकले, आणि तिसऱ्या दिवशी मंचरच्या बाजारातून फिरून ते आमच्या घरी पोचले. तेव्हा हा कागद. तुझे जावई उद्या पिकअपमध्ये कांदा भरून मंचरला जाणार आहेत, तिथून वाट वाकडी करून तुला देतील. चष्मा लाव, दार लोटून घे आणि मनातल्या मनात वाच. ओठ हलवू नकोस, तुझे ओठ हलले तरी शेजारणीला ऐकू येतं.

तर आत्या, गेल्या नवरात्रात ऋतिकाला डेंग्यू झाला ते तुला माहीतच आहे, तू आली होतीस, दवाखान्यात तिच्या पायाशी बसून होतीस. पेशी बावीस हजारांवर आल्या होत्या. पोर बरी झाली, बारावीही झाली, आता धडधाकट आहे, पण त्या दिवसापासून माझं काहीतरी बिघडलं. कानाशी नुसतं गुं झालं तरी मी उठते. जेवताना उठते, अंगणवाडीत पोरांना बडबडगीत शिकवताना उठते, मागे तर तालुक्याच्या मीटिंगमध्ये मोठ्या मॅडम भाषण करत असताना उठले आणि समोरच्या बाईच्या पाठीत टाळी मारली (डास मेला, त्या बाईंनी अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही). घरात कॉइल लावावी तर सासूबाईंना दमा. भिंतीत खुपसायचं ते औषध लावलं तर त्यांना धाप लागते, आणि धाप लागली की त्यांना त्यांच्या धाकट्या सुनेची आठवण येते. मग मी ठरवलं, आपल्या झाडापाल्याचंच काहीतरी करायचं. तूच नाही का सांगायचीस, आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तेव्हा मेंढरांच्या वाड्याभोवती निरगुडीचा पाला आणि शेणी पेटवून ठेवायचे, आणि मेंढरांकडे डास फिरकायचा नाही? मेंढरांना जमतं ते आपल्याला का जमू नये, असा माझा साधा विचार.

सुरुवात मी दारातल्या तुळशीपासून केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पाणी घालायला गेल्या तर वृंदावनात नुसत्या काड्या. त्यांनी काड्यांनाच हळदकुंकू वाहिलं, काड्यांनाच प्रदक्षिणा घातली, आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात तुळशीची माफी मागितली. (त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.) मग मी ओढ्याच्या कडेने निरगुडी आणली, शाळेमागचा कडुलिंब आणला, जानकूभाऊंच्या बांधावरचा गवती चहा आणला. पाला ठेचायचा, तिळाच्या तेलात घालायचा, इडलीपात्रात पाणी ठेवून त्याच्या वाफेवर दोन तास मुरवायचा. हे इडलीपात्र घ्यायला नको होतं. रविवारी इडल्या केल्या, तर तुझे जावई पहिला घास तोंडात ठेवून बराच वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "आज इडलीला सर्दी झाली व्हती का?"

तेल तयार झालं. हिरवं, दाट, वासाला थोडं दवाखान्यासारखं, थोडं गोठ्यासारखं. पण उपयोग होतो की नाही हे कळणार कसं? मी स्वतः लावून बघितलं, तर मला डास चावलाच नाही. पण एरवीही मला चावतो कुठे, अंगावर बसायच्या आत मी त्याला मारलेलं असतं. एका जागी न हलता बसणारं माणूस हवं होतं. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. ऋतिकाला तर मला कापून काढलं तरी मी डासांसमोर बसवणार नाही. तुझे जावई बसले, पण पाच मिनिटांत टोमॅटो मार्केटमधून फोन आला आणि ते तेल लावलेल्या पायानेच गेले. क्रेटवर पाय ठेवतात ना ते चढताना, घसरले. सुदैवाने टोमॅटोवरच पडले.

शेवटी जानकूभाऊ मिळाले. तुला आठवत असतील, आमच्या पलीकडच्या घरातले, उंच, वाकलेले, पांढरी टोपी. आमच्या लग्नात वरातीपुढे लेझीम खेळून खेळून पडले होते ते. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत, सून तिकडेच. त्यांना मी विचारलं की रोज दिवेलागणीच्या आधी अर्धा तास आमच्या अंगणात बसाल का, एका पायाला तेल, एक पाय कोरडा, मी फक्त डास मोजणार. ते म्हणाले, "चा मिळंल का?" म्हटलं, मिळेल. म्हणाले, "मग दोनी पाय तुमचंच समजा, बाई."

मी पद्धतशीर काम केलं, आत्या. अंगणवाडीचा जुना हजेरीपट घेतला. त्यात पोरांच्या नावांच्या जागी तेलांची नावं लिहिली: निरगुडी, कडुलिंब, गवती चहा, झेंडू, लसूण. डास बसला की 'हजर'. नाही बसला की 'गैरहजर'. त्या दिवशी कुठल्या पायाला तेल ते शेजारी लिहायचं, डावा की उजवा. जानकूभाऊ धोतर गुडघ्यापर्यंत ओढून खुर्चीवर बसायचे, मी समोर पाटावर बसायची (बसायची म्हणजे उठबस करायची), आणि ते चहा पीत पीत त्यांच्या बैलांच्या गोष्टी सांगायचे. पाच दिवस असं चाललं. निकाल असे काही विचित्र यायला लागले की मला रडू यायचं बाकी. गवती चहा लावला तर लावलेल्या पायावर अकरा डास, कोरड्या पायावर दोन. निरगुडी लावली तर लावलेल्यावर नऊ, कोरड्यावर तीन. म्हणजे मी डासांना आवतण द्यायचं तेल केलं होतं की काय? फक्त कडुलिंबाचा निकाल बरा होता. म्हणून मी बाकीची तेलं उकिरड्यावर ओतली आणि कडुलिंबाचं तेल भरपूर करून घेतलं. इतकं झालं की थोडं म्हशीलाही लावलं, गोठ्यात तिला डास फोडून खातात म्हणून. आणि आम्ही नुसती पाठ नाही चोळली, सगळी म्हैस चोळली.

संध्याकाळी रेडकू सोडलं. त्याने कासेला तोंड लावलं, बाजूला झालं, माझ्याकडे बघितलं (त्या नजरेत सासूबाई होत्या), आणि खुंट्यापाशी जाऊन बसलं. दूध आम्ही डेअरीत घातलं, तर तिथल्या माणसाने किटलीचं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि झाकण लावून किटली परत केली. तीन दिवस दूध घरात. कडू खीर, कडू चहा, कडू कढी. सासूबाई म्हणाल्या, मधुमेहाला चांगलं असतंय. हे त्या मनापासून म्हणाल्या की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी ऋतिका माझ्या मागे उभी राहून हजेरीपट बघत होती. म्हणाली, "आई, डावा म्हणजे कुणाचा डावा? तुझा का त्यांचा?" मी म्हटलं, डावा म्हणजे डावा. ती म्हणाली, अगं, ते तुझ्याकडे तोंड करून बसतात, तुझ्या डाव्या हाताला त्यांचा उजवा पाय येतो. मी हजेरीपट पुन्हा वाचला. आत्या, काही दिवशी मी त्यांचा डावा लिहिला होता, काही दिवशी माझा. कुठल्या दिवशी कुणाचा, देवाला ठाऊक. म्हणजे चांगली तेलं मी उकिरड्यावर ओतली की वाईट, ह्याचाही आता पत्ता नाही. मी जानकूभाऊंना विचारलं, तुम्हाला आठवतं का. ते म्हणाले, "मला काय म्हाईत, मी तर दोनी पायांनी चावून घेत व्हतो."

थांब जरा, गॅसवर काहीतरी लागल्याचा वास येतोय.

आले. डाळ होती. तर आता पुढचं जे सांगते ते तुझ्या नि माझ्यात. मला वाटलं, अंगणातले डास मनाला येईल तेव्हा येणार, वाऱ्याने जाणार, अशाने कधीच नक्की कळायचं नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात शास्त्रज्ञ लोक जाळीच्या पेटीत डास ठेवतात आणि तेल लावलेला हात आत घालतात. पेटी करणं सोपं होतं. कोंबडीचं डालगं घेतलं, त्याला फाटक्या मच्छरदाणीचं कापड सगळीकडून शिवलं, आणि हात घालायला तुझ्या जावयांच्या सदऱ्याची बाही जोडली. (सदरा आहेरातला होता. बाही एकच घेतली.) प्रश्न फक्त डासांचा होता. ते कुठून आणायचे? पकडायला गेलं की मरतात, माझ्या हातात तर हमखास. म्हणून, आत्या, मी ते पाळले.

हो. मी. वीस वर्षं अंगणवाडी सेविका. दर शुक्रवारी पोरांकडून 'कोरडा दिवस पाळा, डासांना टाळा' म्हणून घेणारी, दारोदार जाऊन लोकांचे रांजण उलथे करायला लावणारी. मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर जी सूचना वाचली गेली, 'ज्यांच्या घरी पाण्यात डासांच्या अळ्या आढळतील त्यांची नावं जाहीर केली जातील', ती सूचनाही माझ्याच हातची. मी घरामागे कढीपत्त्याच्या आड निळा ड्रम ठेवला, त्यात पावसाचं पाणी साठू दिलं, चार दिवस उघडा ठेवला आणि मग वर जाळी ताणून बांधली. आठवड्यात आत अळ्या वळवळायला लागल्या. खरं सांगते, मला त्यांचं कौतुक वाटलं. रोज तीनतीनदा जाऊन बघायची. ऋतिकाला सांगितलं, तिकडे जायचं नाही, साप आहे. सासूबाईंनाही तेच. तुझ्या जावयांना काही सांगावं लागलं नाही, ते कढीपत्त्याकडे आयुष्यात गेलेले नाहीत.

मग डास उडाले. ड्रममधून प्लॅस्टिकच्या नळीने मी ते डालग्यात चढवले (कसे ते विचारू नकोस, त्यात माझे दोन दिवस आणि बरीच अब्रू गेली). जानकूभाऊंनी तेल लावून बाहीतून हात घातला. दहा मिनिटं, एकही डास नाही! हे तेल गवती चहा आणि निरगुडी एकत्र करून पुन्हा नव्याने केलेलं. मी उड्याच मारल्या. मग बिनतेलाचा हात घातला, तर सोळा. सोळा, आत्या, आणि ते म्हातारं माणूस हसत होतं. म्हणालं, "आज लई हजेरी हाय, बाई." अर्ध्या तासानंतर पुन्हा तेलाचा हात घातला, तेव्हा मात्र सहा बसले. म्हणजे तेल चालतं, पण अर्धाच तास. तरी मला इतका आनंद झाला होता की मी त्या आनंदात एक गोष्ट विसरले.

ते डालगं कोंबडीचं होतं. तिला आठ दिवस मी घराबाहेर काढलं होतं आणि ती रोज त्याच्याभोवती फिरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडीत गेले तेव्हा तिने आधी डालग्याची जाळी टोचून फाडली, आत शिरली, मिळतील तेवढे डास खाल्ले, आणि मग कशाला कोण जाणे, ड्रमवर जाऊन बसली. जाळी तिच्या वजनाने फाटली, कोंबडी पाण्यात. तिचा आरडाओरडा ऐकून सासूबाई 'साप, साप' करत बाहेर, त्यांच्यामागे गल्ली बाहेर, आणि नेमकी त्याच वेळी आमच्या दारात आरती सिस्टर उभी. आरोग्य सेविका. घरोघर पाणी तपासत आली होती. हातात बॅटरी, काखेत यादी.

मला बोलावणं आलं. मी धावत पोचले तेव्हा आरती ड्रममध्ये बॅटरी मारून बघत होती. मान वर करायला तिने लई वेळ लावला. आम्ही दोघी पंधरा वर्षं एकत्र काम करतो, लसीकरणाच्या दिवशी एकाच डब्यातलं खातो.

"अश्विनीताई," ती म्हणाली, "ह्या तुमच्याच घरच्या ना?"

मी म्हटलं, "पाळल्यात."

"काय केल्यात?"

"पाळल्यात. तेलाच्या तपासणीसाठी."

ती यादीवर पेन टेकवून उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर मी नाव लिहिलं असतं का नसतं?" मी म्हटलं, लिहिलं असतं. "मग?" मी म्हटलं, लिही. आणि तिने लिहिलं, डोळे पुसत लिहिलं, हसून की कशाने ते मी विचारलं नाही. ड्रम तिथल्या तिथे उलथा करायचा होता. दोनशे लिटरचा. कुणाला हात लावू दिला नाही मी, एकटीने उलथा केला. ही जी कमर आहे ना, ती तेव्हाची.

संध्याकाळी भोंगा वाजला. पाच नावं होती. माझं तिसरं. माझीच सूचना, माझीच वाक्यं, आणि मध्ये माझंच नाव. तुझे जावई नारायणगावहून येत होते, त्यांनी रस्त्यात ऐकलं. ते घरी आले, हात धुतले, जेवले, आणि ताटावरून उठताना म्हणाले, "सदऱ्याची एक बाही कुठं गेली ते आता कळलं." एवढंच. माणूस चांगला आहे गं, फक्त कढीपत्त्याकडे बघत नाही.

इथवर असतं तर मी हे पत्र हसत लिहिलं असतं. पण तिसऱ्या दिवशी जानकूभाऊ आलेच नाहीत. चहा करून वाट बघितली. मग त्यांच्याकडे गेले, तर भरदुपारी गोधडी घेऊन पडलेले, अंग तव्यासारखं. आत्या, सोळा डास मी त्यांच्या हातावर मोजले होते. आनंदाने मोजले होते. ऋतिकाच्या वेळचे ते सगळे दिवस, ती सलाईन, तो डॉक्टर पेशींचा कागद बघून गप्प व्हायचा ते, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं, आणि ह्या वेळी कारण मी होते. तुझ्या जावयांना फोन केला. ते क्रेट अर्धे उतरवून तसेच आले. जानकूभाऊंना पुढे बसवलं, मी मागे रिकाम्या क्रेटमध्ये, कमरेचं काय होतंय ते कळत नव्हतं.

लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्टला दोन तास. जानकूभाऊ बाकावर बसले, मी बसलेच नाही. दारापर्यंत जायची, परत यायची, रस्त्यापर्यंत जायची, परत यायची. लॅबवाल्या मुलीने दोनदा सांगितलं, मावशी, बसा. तिसऱ्यांदा तिने सांगणं सोडलं. शेवटी जानकूभाऊंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"बाई, एक सांगू?" ते म्हणाले. "तुमी काय समजताय, मी चा प्यायला येत व्हतो?"

मी म्हटलं, मग?

"घरात बोलाय कोन न्हाई. पोरगं फोन करतंय, जेवलास का इचारतंय, ठेवतंय. तुमी अर्धा अर्धा तास माज्याकडं डोळं लावून बसायचा. माज्या पायाकडं का व्हईना. माझी म्हातारी गेल्यापासून कुनी एवढं बगितलं न्हाई बगा माज्याकडं." मग म्हणाले, "आनि डास चावलं तर चावलं. आमी काय साखरंचं हाय का?"

मी त्यांचा हात हातात घेतला, तो भाजत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग तासभर एका जागी बसले, आत्या, आणि मला ते कळलंही नाही.

रिपोर्ट आला. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. पेशी दोन लाखांच्या वर (मी तो आकडा पाच वेळा वाचून घेतला, मुलीच्या तोंडून एकदा, आपल्या डोळ्यांनी चार वेळा). दोन दिवस आधी भर पावसात भिजत त्यांनी गवती चहाचे गड्डे काढून माझ्यासाठी कुंडीत लावले होते, त्याचा हा ताप. नंतर आरतीनेही येऊन समजावलं, की डास आधी आजारी माणसाला चावलेला असला तरच तो रोग देतो, तुमचे घरात वाढलेले होते, त्यांनी बहुतेक कुणाचं काही वाकडं केलं नसतं. 'बहुतेक' हा शब्द तिने अगदी हळू वापरला, पण मी ऐकला. त्यामुळे आता ड्रम उलथा आहे आणि उलथाच राहील. गल्लीतले सगळे रांजण मी स्वतः कोरडे केले, आठ दिवस घरोघर ताप विचारत फिरले, कुणालाही काही झालं नाही. जानकूभाऊ तीन दिवसांत उठून बसले. हल्ली ते येतात ते डासांविना येतात. चहा घेतात, बैलांच्या गोष्टी सांगतात, आणि सासूबाईसुद्धा ओट्यावर येऊन बसतात (बैलांच्या गोष्टींत त्या चुका काढतात, त्यामुळे गोष्टी लांबत चालल्या आहेत).

आणि डासांचं म्हणशील तर शेवटी उपाय कुठला लागू पडला? मच्छरदाणी आणि भांड्यांची झाकणं. जी मी वीस वर्षं लोकांना सांगत आले तीच. तेल अर्धा तास चालतं. निरगुडीचा धूर चालतो, पण त्या धुरात माणूसही थांबत नाही. एवढं कळायला मला एक तुळस, एक ड्रम, एक बाही आणि निम्मी अब्रू लागली. आता मी शांत आहे. खरंच शांत आहे. कुठलाही प्रयोग डोक्यात नाही, कसली धाकधूक नाही, दिवस कसे सुखात चालले आहेत. तुझी आठवण आली म्हणून फक्त खुशाली कळवली, दुसरं काही कारण नाही.

वडिलांच्या मागे मला वडीलकीने रागावणारी तू एकच, तेव्हा तब्येत सांभाळ. घरातल्या थोरांना दंडवत, पोराबाळांचे गालगुच्चे माझ्या वाटणीचे तूच घे.

तुझी,
अश्विनी

ता.क. सोबत बाटली पाठवली आहे. त्यावर 'डास' लिहिलंय ते वाचू नकोस, ते गुडघ्याला लावायचं. झालं असं की जानकूभाऊंचा एक गुडघा दुखायचा थांबला. निरगुडीनेच थांबला असणार, पण कुठला गुडघा, ते त्यांनाही सांगता येत नाही आणि माझ्या हजेरीपटावरून तर नाहीच. तेव्हा तू दोन्हीला लाव. इथल्या बचत गटाच्या बायका आता बाटल्या घेऊन दारात येतात आणि डासांचं नावही काढत नाहीत.

ता.क. दोन. जावयांनी विचारलं की पत्रात काय लिहिलंय, तर सांग गुडघ्याचं लिहिलंय.

ता.क. तीन. आता लिहायचंच तर लिहिते. ऋतिकाचा नर्सिंगला नंबर लागला. नाशिकला. तिथेच होस्टेल. सोमवारी सकाळची गाडी. मी होस्टेलच्या मॅडमना फोन करून विचारलं, खिडक्यांना जाळ्या आहेत का, टाक्यांना झाकणं आहेत का, आसपास नाला आहे का. त्या म्हणाल्या, बाकीचे पालक जेवणाचं विचारतात. आत्या, ती तुझं ऐकते. माझं नाही ऐकत, तुझं ऐकते. तू तिला म्हण, नारायणगावातही कॉलेज आहे, काहीही शिक पण घरून जाऊन येऊन शिक. मी म्हटलं असं सांगू नकोस. तुझ्याच मनात आलं असं म्हण. ह्यासाठीच हे पत्र लिहिलं, बाकीचं सगळं हात वळावा म्हणून.

ता.क. चार. (दुसऱ्या पेनाने लिहितेय, पहिला मी कुठेतरी उठून गेले तिथे राहिला.) वरचं ता.क. तीन खोडलं असं समज. आत्ता मी आत गेले तर ती बॅग भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, गेल्या वर्षी त्या वॉर्डात रोज सकाळी एक सिस्टर यायची, ती नुसती आली तरी तू बसायचीस. मला तशी सिस्टर व्हायचंय." मग मी तिच्या चादरींच्या घड्या घातल्या. सगळ्या वाकड्या झाल्या, तिने पुन्हा घातल्या. तेव्हा तिला काही सांगू नकोस. तू फक्त रविवारी संध्याकाळपर्यंत ये. स्टँडवर माझ्या शेजारी उभी राहा आणि मनगट घट्ट धर, चांगलं मेंढरू धरतेस तसं. मी स्वतःला ओळखते. नाहीतर तिची गाडी सुटली की मी पाठोपाठच्या गाडीत चढेन.